दाराबाहेरचे लाकडी जोडे

"तुमचा नंबर वाढलाय."

शलाका बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. अंधारात, शेजारच्या अनोळखी माणसाला असं काही बोलायचं असतं का! पण तिचाही इलाज नव्हता. बदलापूरच्या एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे, "हे बरं दिसतंय... की हे?" असं विचारत काचा बदलायच्या, हे तिचं रोजचं काम. आणि हा शेजारचा तरुण मघापासून चष्मा वर सरकवत होता, खाली सरकवत होता, मान तिरकी करून पडद्याकडे बघत होता. तिचे हात नुसते शिवशिवत होते.

तो वळला. पडद्याचा उजेड त्याच्या काचांवर थरथरत होता.

"पडद्यावर बाई एवढी सुंदर नाचतेय," तो कुजबुजला, "आणि तुम्ही माझा चष्मा बघताय?"

शलाकाचे कान तापले. बरं झालं, अंधार होता.

अंबरनाथच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी दिनानाथ सर जुने सिनेमे दाखवत. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सिनेमाचं वेड मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हतं. खिडक्यांना चादरी लावायच्या, भिंतीवर पडदा सोडायचा, मध्यंतरात सगळ्यांना एकेक वडा. त्या रविवारी कुठलासा जुना, ब्लॅक अँड व्हाइट जपानी सिनेमा होता. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पण शेवटचा नाच सुरू झाला आणि तीही थांबली. गाण्यात काय म्हटलंय ते सांगायला कोणीच उरलं नाही.

ओलं अंगण. अंगणात एकटी बाई, पांढऱ्या पोशाखात... लांब, जमिनीकडे लोंबणाऱ्या बाह्या. कुठूनतरी ढोल वाजतो, वाजवणारा दिसत नाही. ती एक पाऊल टाकते, थबकते. बाही हळूच उचलून अर्धा चेहरा झाकते. पुन्हा एक पाऊल. मग खांद्यावरून वळून दाराकडे बघते — दाराबाहेर पुरुषाचे लाकडी जोडे नीट जुळवून ठेवलेले. ती बघते... बघतच राहते... आणि ती हसतेय की रडतेय ते कळायच्या आत पडद्यावर नुसती नदी वाहू लागते. सिनेमा संपला.

दिवे लागले तरी कोणी उठेना. बाहेर पत्र्यावर आषाढाची सर वाजत होती.

"हं," सर म्हणाले, "ह्या नाचाचा अर्थ काय?"

सरांच्या ह्या सिनेमा-मंडळाचा एक रिवाज होता. सर शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांकडे बोट दाखवत, आणि त्या दोघांनी पुढच्या महिन्यात उभं राहून एका प्रसंगाचा अर्थ सांगायचा. दोघांनी मिळून, पण एकच. "दोन मतं असतील तर भांडण बाहेर उरकून या," सर बजावत. "आणि नेटवर शोधायचं नाही. तिथला अर्थ तिथेच राहू दे. मला तुमचा हवाय."

सरांचं बोट फिरत फिरत आलं आणि नेमकं त्या दोन खुर्च्यांवर थांबलं.

"सम्यक," तो हसून म्हणाला. "आता भांडायचंच आहे तर नाव माहीत असलेलं बरं."

"शलाका. आणि नंबर खरंच वाढलाय."

दोन दिवसांनी तो दुकानात हजर. शलाकाने त्याला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली आणि काचा बदलू लागली. एवढ्या जवळून तिने रोज कितीतरी डोळे पाहिलेले. पण ह्या डोळ्यांशी हात जरा हळू चालत होता, कोण जाणे का.

"हे बरं दिसतंय... की हे?"

"दोन्हींत तुम्हीच दिसताय."

"समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची असतात!"

"मग तुम्ही मध्ये उभ्या राहू नका ना."

काउंटरवरचे शेठ खाकरले. शलाकाने काच बदलली आणि हसू गालातच दाबलं.

सम्यक उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करायचा. जिन्याखालच्या त्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि भिंतभर हार्ड डिस्क. सिंधी लग्नं, मराठी लग्नं, गुजराती लग्नं... हजारो लोकांचं हसणं-रडणं त्याच्या बोटांखालून जायचं. कुठे ढोलकी वाढवायची, कुठे नवरीच्या पाणावलेल्या डोळ्यांवर जरा जास्त वेळ थांबायचं, हे त्याला बरोबर कळायचं. शनिवारी संध्याकाळी शलाका तिथे जाऊ लागली. समोरच्या गाडीवरून दाल-पकवान यायचं आणि सरांकडून आणलेल्या प्रतीतली ती बाई स्क्रीनवर नाचायची. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

"सिंपल आहे यार," सम्यक पकवान मोडत म्हणाला. "नवरी आहे ती."

"नवरी? पांढऱ्यात?"

"मग कशात असणार? आमच्याकडे नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यातच असतात. माझ्या ताईचं लग्न बघायला हवं होतं तुम्ही. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, बुद्धवंदना चाललेली... ताई इतकी छान कधीच दिसली नव्हती. कसम से."

जन्म ह्याच गावांमध्ये गेला, पण अशा एकाही लग्नाला आपण कधी गेलो नाही, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. तिला थोडं लाजल्यासारखं झालं.

"आमच्याकडे पांढरं म्हणजे..." ती अडखळली.

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला.

"आणि ते जोडे. त्यांचा माणूस गेलाय, सम्यक. मला पहिल्याच वेळी कळलं. आमच्या घरी पण आहेत तसे... बाबांच्या चपला. चार वर्षं झाली बाबांना. आई अजून दर शनिवारी पुसते. आमच्या मांजर्लीत पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं ना, तेव्हा तिने सिलिंडरच्या आधी त्या चपला उचलल्या. त्या पुरानंतर आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तर तिथेही पहिल्या दिवशी दाराबाहेर काय ठेवलं असेल?"

स्क्रीनवरची बाई बाही उचलून थांबली होती. सम्यकने तिला तसंच थांबवून ठेवलं.

"आमच्या घरी," तो म्हणाला, "दाराबाहेर चपला दिसल्या की आई कोण आलंय ते विचारतच नाही. आधी चहाचं आधण वाढवते."

"म्हणजे तुमच्या मते जोड्यांचा माणूस आत आहे."

"आत आहे. चहा पितोय. आणि ती खुशीत नाचतेय."

"जपानी सिनेमात चहा पितोय!"

"ते तर चहाचेच लोक!" तो म्हणाला, आणि शलाका इतकी हसली की पकवानाचा चुरा कीबोर्डवर सांडला. तो झटकता झटकता दोघांची बोटं एकमेकांना लागली आणि जरा जास्तच वेळ लागून राहिली. त्यानंतर कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं. कोणी आधी टाकलं, ह्यावर दोघांचं आजही एकमत नाही.

मग काय, अर्थ बाजूला राहिला आणि भेटी वाढल्या. कधी विठ्ठलवाडी डेपोशेजारी भाजलेलं कणीस, कधी अंबरनाथच्या शिवमंदिरामागे ओढ्याचं फुगलेलं पाणी बघणं. तो स्कूटरवरून तिला मांजर्लीत सोडायला यायचा. रस्त्याच्या कडेने गवत वाढलेलं, हवेत नदीचा ओलसर वास, आणि मागे बसलेली शलाका, त्याच्या रेनकोटची कड दोन बोटांत धरून. खड्डा आला की दोन बोटांची चार व्हायची. सम्यक म्हणे मुद्दाम खड्डे शोधायचा. बदलापुरात ते शोधावे लागत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पण स्कूटर नेहमी गेटपाशीच थांबायची. "चल, बाय," म्हणून शलाका उतरायची. "वर ये," एवढं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

एकदा आईने गॅलरीतून पाहिलं. रात्री भाकरी थापता थापता विचारलं, "कोण गं तो स्कूटरवाला?"

"मंडळातला आहे. सम्यक."

"आडनाव काय त्याचं?"

शलाकाचा घास हातातच राहिला. तिला आडनाव चांगलं माहीत होतं. त्याच्या ताईच्या मुलीचं नाव माहीत होतं, त्याला पावसात शिंका येतात हे माहीत होतं, त्याच्या चहात किती साखर लागते हेही माहीत होतं.

"विचारलं नाही," ती म्हणाली.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. शलाकाला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण सम्यकलाच नाही म्हणालो, असं तिला वाटत राहिलं.

आणि हे जणू त्यालाही ऐकू गेलं होतं. पुढच्या वेळी गेटपाशी पोचल्यावर त्याने स्कूटर बंद केली. श्रावण लागला होता. ऊन पडलेलं आणि त्यातच बारीक भुरभुर.

"शलाका, एक विचारू? मला वर कधी बोलावणार?"

"...आई घरी असते."

"म्हणून तर. आईलाच भेटायचंय."

ती गेटच्या कडीशी चाळा करत राहिली. तो तिच्याकडे बघत होता, नव्या नंबरच्या काचांमधून, अगदी स्वच्छ.

"घाबरतेस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

"मी घाबरत नाही!" ती उसळली. "तुला सगळीकडे लग्नच दिसतं. दिवसभर तेच जोडतोस ना! जरा नीट बघ. ती बाई एकटी आहे, सम्यक. दाराशी जोडे असले म्हणून माणूस आत असतोच असं नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो.

सम्यकने मान हलवली. "बरोबर आहे. माणूस आत यायला आधी कोणीतरी ये म्हणावं लागतं." त्याने स्कूटर चालू केली. "रविवारी तुझाच अर्थ सांगू. मी उभा राहीन बाजूला, गुपचूप. टेन्शन नको घेऊ."

त्यानंतर ना फोन, ना मेसेज. पावसाने जोर धरला. उल्हास नदी फुगली आणि मांजर्लीत सगळ्यांनी गाड्या उंचावर नेऊन लावल्या. दुकानात शलाका काचा बदलत होती, "हे बरं दिसतंय... की हे?" विचारत होती, आणि तिला स्वतःलाच काही धड दिसत नव्हतं.

शुक्रवारी वीज गेली. शलाका मेणबत्ती घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि उजेड भिंतीवरच्या फोटोवर पडला. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो. जन्मापासून घरात टांगलेला, त्यामुळे कधी न पाहिलेला. आजोबा टोपीत, आजी खाली मान घालून, कपाळाला मुंडावळ्या. आणि आजीच्या अंगावर पांढरी साडी.

पांढरी?

ती साडी पांढरी नव्हती! ती तर हळदीच्या रंगाची, झळझळीत पिवळी होती. आई कपाट आवरायची तेव्हा ती हमखास बाहेर निघायची. लहानपणी शलाकाने कितीदा डोक्यावरून घेतली होती. पण फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता... आणि सिनेमासुद्धा.

ती खुदकन हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. काय वेडे आपण! महिनाभर ज्या पांढऱ्यावरून भांडलो, ते पांढरं होतं तरी कुठे? त्या बाईचा पोशाख पिवळा असेल, आकाशी असेल, गुलाबी असेल. सिनेमाने रंग सांगितलाच नव्हता. सम्यकला ताईचं लग्न हवं होतं, त्याने तो रंग भरला. आणि मला भीती वाटत होती, म्हणून मी मरणाचा रंग भरला.

"आई," ती हाक मारून म्हणाली. "त्याचं आडनाव मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं."

आणि तिने सांगितलं. आडनाव सांगितलं, घर सांगितलं, आणि मग मनातलंही सांगून टाकलं, न थांबता, थांबली असती तर पुन्हा धीर झाला नसता. मेणबत्तीच्या उजेडात आईचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तुझ्या मामांना काय सांगू मी?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील? तुझे बाबा असते तर..."

"बाबा असते तर पहिल्याच दिवशी गॅलरीतून ओरडले असते, 'अरे, खाली काय उभा, वर ये!' मला ते जमलं नाही, आई. ह्याचीच लाज वाटते मला."

आई उठली, दाराबाहेर गेली, आणि फडक्याने बाबांच्या चपला पुसत बसली. शनिवार नव्हता तरीही.

रविवारी सकाळी शलाकाने कपाटातून आजीची साडी काढली. आई दारात येऊन उभी राहिली.

"हळदीची साडी आहे ती. ही नेसून सिनेमाला जातेस?"

"हो."

साडी जुनी, सुती, घोळदार. निऱ्या काही केल्या बसेनात. आईने थोडा वेळ तिची धडपड बघितली. मग खाली बसली आणि एकेक निरी चापून नीट लावून दिली. शलाकाने आरशासमोर एक फोटो काढला, त्यातला रंग काढून टाकला आणि सम्यकला पाठवला. खाली लिहिलं: 'रंग ओळख.'

बराच वेळ काहीच आलं नाही. मग आलं: 'पांढरी?' आणि पाठोपाठ, 'अरे देवा... शलाका... मी रोज नवरींच्या लाल साड्या एका क्लिकवर करड्या करतो आणि मला हे सुचलं नाही?'

'रंग प्रत्यक्ष येऊन बघ,' तिने लिहिलं.

वाचनालयाच्या जिन्यात तो उभा होता. ती वळणावरून वर आली आणि तो नुसताच बघत राहिला. खिडकीतून श्रावणाचं ऊन पडलं होतं आणि ती पिवळी साडी त्या उन्हात पेटल्यासारखी दिसत होती.

"हे बरं दिसतंय... की फोटोतलं?" तिने विचारलं.

"हे," तो म्हणाला. चष्मा वर सरकवून पुन्हा म्हणाला, "हेच."

दिनानाथ सरांनी नाच पुन्हा लावला. ओलं अंगण, बाही, दार, जोडे, नदी. मग शलाका उभी राहिली, शेजारी सम्यक. खोलीत पंखे फिरत होते.

"आम्ही दोघांनी तिला पांढऱ्यात पाहिलं," ती सांगू लागली. "ह्याला लग्न दिसलं, मला मरण दिसलं. पण सर, सिनेमात रंगच नाही. रंग आम्ही घरून आणले होते. ते जोडे कुणाचे, तो माणूस आत आहे की गेलाय, हे आपल्याला सिनेमा सांगत नाही. ते तिला एकटीलाच ठाऊक आहे. आणि ठाऊक असून ती जोड्यांकडे पाठ फिरवत नाही. नाचता नाचता वळून बघते. मला वाटतं, ती 'ये' म्हणतेय. गेलेल्याला म्हणत असेल, नाहीतर येणाऱ्याला. मी महिनाभर समजत होते की ती रडतेय, कारण मला स्वतःला कुणालातरी 'ये' म्हणायची भीती वाटत होती." ती थांबली. सम्यककडे वळली, आणि आता तिला बाकीचं कोणी दिसेना. "ये ना वर. आज. माझ्याबरोबर."

मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"हा सिनेमाचा अर्थ झाला की तुमचा?"

"सर," सम्यक म्हणाला, चेहरा कानापर्यंत लाल, "दोघांनी मिळून एकच सांगायचा होता ना? एक झालाय."

मांजर्लीच्या गेटपाशी त्या दिवशी स्कूटर थांबली आणि दोघंही उतरले. दुसऱ्या मजल्यापर्यंतचे जिने सम्यक असे दबकत चढला, जणू कोणी खाली परत पाठवील. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. दाराबाहेरच्या छोट्या रॅकवर बाबांच्या चपला, पुसून लख्ख. सम्यक आपल्या भिजलेल्या चपला हातात घेऊन घुटमळला.

"कुठे ठेवू?"

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने सम्यककडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या चपलांकडे. मग आई वाकली. बाबांच्या चपला तिने हलकेच थोड्या बाजूला सरकवल्या आणि रॅकवर जागा केली.

"इथे ठेव, बाळा. बाहेर पावसात आणखी भिजतील." आणि ती वळून आत गेली.

सम्यकने चपला ठेवल्या. शलाका त्या दोन जोड्यांकडे बघत राहिली, बघतच राहिली, आणि ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही कळत नव्हतं. आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला, पातेल्यात आणखी पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आईची हाक.

"शलाका, साखर किती घेतो गं तो? की हेही विचारलं नाहीस?"

"दीड चमचा, आई!" शलाका ओरडली.